थंडीतलं विरजण आणि घरचं क्रीम चीज

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकला थंडी पडली की घरोघर एक तक्रार ठरलेली असते: दही लागत नाही. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर येतो, आणि इकडे विरजणाचं भांडं कुणी कणकेच्या डब्यात ठेवतं, कुणी कोमट पाण्याच्या पातेल्यात, तर कुणी सरळ शालीत गुंडाळून. आज ज्या पदार्थाबद्दल बोलणार आहे, त्याला मात्र हीच थंडी लागते. घरात वीस-बावीस अंश तापमान आहे, दूध विरजायला दुप्पट वेळ घेतंय, आपल्याला कशाची घाई नाही. क्रीम चीज पहिल्यांदाच घरी करून बघायचं असेल, तर मार्गशीर्ष-पौषासारखे दिवस नाहीत.

माझी भाची गंगापूर रोडला राहते. तिला चीजकेक करायचा होता आणि दुकानातल्या डबीची किंमत बघून ती माझ्याकडे आली. मी कृती सांगायला लागले, तर मला मध्येच थांबवून म्हणाली, "मावशी, म्हणजे हा चक्काच की गं! मग एवढे पैसे कशाचे घेतात?"

प्रश्न अगदी रास्त आहे. विरजण लावायचं, फडक्यात बांधायचं, पाणी निथळू द्यायचं. श्रीखंड करणाऱ्या घराला यातलं काहीच नवं नाही. म्हणून मी तिला म्हटलं, चक्क्याची ही सावत्र बहीण समज. घर एकच, पण वाढवायची रीत वेगळी. तो फरक तीन जागी आहे: दुधातली फॅट, विरजताना असलेलं तापमान आणि आंबटपणा कुठे थांबवायचा ते. या तिन्हींकडे लक्ष दिलं तर भांड्यात क्रीम चीज तयार होतं, नाही दिलं तर चक्का. आणि चक्का झाला तरी काय बिघडलं, साखर घालून श्रीखंड करून टाका.

आधी फॅटचं बोलू. आपल्या भागात डेअरीवर दूध घालणाऱ्याला फॅट म्हणजे काय ते शिकवायला नको, भावच त्यावर ठरतो. अमेरिकेत एखाद्या चीजला क्रीम चीज म्हणायचं तर त्यात कमीत कमी ३३ टक्के फॅट हवी आणि पाणी ५५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा तिथला नियम आहे. हा पदार्थही मूळचा तिकडचाच. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात विल्यम लॉरेन्स नावाचा एक दूधवाला होता. १८७० नंतरच्या दशकात तो न्यूफशातेल नावाचं मऊ फ्रेंच चीज करायचा. त्यातच त्याने जास्तीची साय घातली आणि हे चीज बाजारात आणलं. पुढे १८८० मध्ये ते 'फिलाडेल्फिया' या नावाने विकायला लागले. माल न्यूयॉर्कचा आणि नाव फिलाडेल्फियाचं, कारण तिकडच्या दुधातुपाला तेव्हा मान होता. धंदा कुठलाही असो, चांगल्या गावाचं नाव लावलं की माल खपतो.

आता हे ३३ टक्के घरात कुठून आणायचे? हिशेब सांगते, कागद-पेन्सिल घ्या हवं तर. एक लिटर फुल क्रीम दूध घ्या, पिशवीवर ६ टक्के फॅट लिहिलेलं असतं ते. त्यात झाली ६० ग्रॅम फॅट. त्यात ४०० मिली फ्रेश क्रीम घाला, पाकिटावर २५ टक्के फॅट असलेलं. ती झाली १०० ग्रॅम. एकूण १६०. फडक्यातून पाणी निथळून गेलं की हाताशी साधारण साडेचारशे ग्रॅम गोळा राहतो. थोडी फॅट पाण्याबरोबर जाते ती वजा केली, तरी आपण तेहतीसच्या आसपास येतो. नुसत्या दुधाचा चक्का या आकड्याच्या जवळपासही येत नाही. म्हणून चक्का जिभेवर करकरीत, आंबट लागतो आणि क्रीम चीज लोण्यासारखं पसरतं.

इथे हमखास कुणीतरी विचारतं, विकतचं क्रीम कशाला, फ्रीजमध्ये आठवडाभराची साय साठवलेली आहे की. नको. ती साय तुपाला उत्तम, या कामाला नाही. एक तर तिला फ्रीजचा आणि शिळेपणाचा वास लागलेला असतो. दुसरं, घरची साय दुधात नीट मिसळत नाही; रात्रभरात वर तरंगते आणि वरचा थर तुपकट, खालचा थर नुसता दही असा प्रकार होतो. फेटून मिसळायला जावं, तर लोणी निघतं. पाकिटातल्या क्रीममधली फॅट यंत्रावर बारीक केलेली असते, ती दुधात विरून जाते. सुटं दूध घेणार असाल, तर गाईम्हशीचं मिश्र घ्या. नुसत्या म्हशीच्या दुधाचं दही घट्ट लागतं खरं, पण पोत जरा रवाळ येतो. नुसतं गाईचं घेतलं तर रंगाला पिवळसर छटा येते आणि गोळाही कमी निघतो.

दूध आणि क्रीम एकत्र करून मंद आचेवर तापवा. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध असेल, तर खळखळ उकळायची गरज नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. सुटं दूध असेल तर मात्र आधी नीट उकळून घ्या, त्यात सूट नाही. मग निवू द्या. किती निवू द्यायचं, हा या कृतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दह्यासाठी आपण दूध कोमट असतानाच विरजण लावतो. इथे त्याहून खाली जायचं. बोट घातलं तर ते किंचित गारच लागायला हवं. तेवीस-चोवीस अंश म्हणा.

याचं कारण विरजणातल्या जिवाणूंमध्ये आहे. आपल्या घरच्या दह्यात अनेक जातींचे जिवाणू एकत्र नांदत असतात. काहींना ऊब आवडते, ते चाळीस अंशांच्या आसपास सपाटून काम करतात आणि दही चांगलं आंबट करतात. काही मवाळ, वीस ते तीस अंशांत रमणारे, लॅक्टोकॉकस त्यांतलाच. क्रीम चीजच्या कारखान्यात हीच मवाळ मंडळी वापरतात. घरी आपल्याला निवडून घेता येत नाहीत, पण दूध गार ठेवलं की पहिल्या मंडळींचा जोर आपोआप कमी पडतो. वैशाखात नाशिकच्या घरात हे जमवणं अवघड. पाच-सहा तासांत दही लागून आंबूनही जातं. आत्ताच्या दिवसांत भांडं ओट्यावर ठेवलं तरी काम होतं.

विरजणाला कालचं ताजं, गोडसर दही घ्या, दोन मोठे चमचे. ते वाटीत घोटून एकजीव करा, मग दुधात मिसळा, झाका आणि विसरून जा. संध्याकाळी आठला लावलं, तर दुसऱ्या दिवशी अकरा-बारापर्यंत तयार होईल, कधी दोनही वाजतील. मध्ये चमचा घालून बघायचं नाही. भांडं हलक्या हाताने तिरपं करा. आतला गोळा कडेपासून सुटून एकसंध सरकला आणि कडेला पिवळसर पाण्याची बारीक रेघ दिसली की झालं. चव घेतली तर आंबटपणाची नुसती चाहूल लागावी. 'अजून थोडं लागू दे' म्हणत बसाल, तर संध्याकाळी चक्का बांधावा लागेल.

आता लिंबाबद्दल. मोबाइलवर बघाल तिथे 'दहा मिनिटांत क्रीम चीज' असतं. दूध तापवा, लिंबू पिळा, गाळा, मिक्सरला लावा. श्रोतेहो, ते पनीर आहे. मिक्सरमधून काढलेलं मऊ पनीर. टोस्टवर लावायला काही वाईट नाही, घाईच्या दिवशी खुशाल करा. पण उकळत्या दुधात आंबट पडलं की प्रथिनं एकदम आखडतात, त्याचे दाणे होतात, आणि ते दाणे कितीही वाटले तरी जिभेला कळतात. विरजणाने दूध तासन्‌तास हळूहळू आंबट होतं, तेव्हा तीच प्रथिनं एकमेकांना धरून मऊ जाळं विणतात आणि फॅट त्या जाळ्यात अडकून राहते. शिवाय लिंबाने आंबटपणा येतो, पण ताज्या लोण्यासारखा वास येत नाही. तो जिवाणूंनीच द्यावा लागतो. कारखान्यात विरजणाबरोबर थोडं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं एक द्रव्य, तेही घालतात; त्याने गोळा घट्ट बसतो आणि पाणी लवकर सुटतं. आपल्याकडे शाकाहारी, मायक्रोबियल म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट मिळतं. पहिल्या खेपेला त्याच्या मागे लागू नका.

फडकं. जुन्या धोतराचं असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर मलमलचं. पण ते सुगंधी साबणाच्या पावडरीत धुतलेलं नको. हा वास चीजमध्ये असा उतरतो की काही केल्या जात नाही. पाण्यात उकळून, पिळून घ्या. चाळणीवर पसरा, खाली खोल पातेलं ठेवा. दही घोटायचं नाही. पळीने मोठे-मोठे काप उचलून अलगद फडक्यावर ठेवायचे. पहिला तासभर तसंच राहू द्या. लगेच गाठ मारून टांगलं, तर वजनाने फॅट फडक्यातून बाहेर येते आणि खालचं पाणी दुधाळ दिसायला लागतं. पाणी हिरवट-पिवळं, नितळ असलं पाहिजे. नंतर चार टोकं बांधून नळाला किंवा खुंटीला टांगा.

दोन-तीन तासांनी थेंब पडायचे थांबतात आणि आपल्याला वाटतं, झालं. झालेलं नसतं. गाठ सोडून बघा. फडक्याला लागून बोटाएवढा जाड थर बसलेला असतो, पुरणासारखा घट्ट, आणि आतलं मात्र अजून दह्यासारखं लिबलिबीत. त्या घट्ट थराने आतल्या पाण्याची वाट अडवलेली असते. चमच्याच्या पाठीने तो थर खरवडून मध्ये घ्या, मधलं कडेला सारा, पुन्हा बांधा. लगेच धार लागते. असं दोन-तीनदा करावं लागतं. शेवटचे काही तास पुरचुंडी चाळणीसकट फ्रीजमध्ये ठेवा, वर पाण्याने भरलेला लहान डबा वजन म्हणून. गोळ्यात बोट दाबलं तर खळी तशीच राहिली पाहिजे.

आता मीठ. साडेचारशे ग्रॅमला सपाट चहाचा चमचा, किंवा जरा कमीच. मीठ घातल्याशिवाय हे चीज चीज वाटत नाही, फिकं दही वाटतं. मग गोळा पुरणयंत्रातून फिरवून घ्या, श्रीखंडाला काढतो तसा. मिक्सर नको. गार, सायीचा पदार्थ जोरात फिरवला की लोणी सुटायची भीती असते, आणि इतक्या तासांची मेहनत तुपात जाते.

डबीतल्या चीजसारखं हे सुरीने चिरता येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. कारखान्यात गोळा गरम करून मोठ्या दाबाखाली यंत्रातून काढतात आणि पाणी धरून ठेवायला डिंक घालतात. डबीच्या मागे बारीक अक्षरात वाचा, बऱ्याचदा गवार गम असतं. आपल्या गवारीच्याच बियांचा डिंक, आणि जगात तो सगळ्यात जास्त आपल्याच देशात तयार होतो, मुख्यतः राजस्थानात. म्हणजे अमेरिकन चीजला गवारीची भाजी लागते! घरच्या चीजला दुसऱ्या दिवशी थोडं पाणी सुटेल. ते ओतून द्या किंवा चमच्याने पुन्हा मिसळा, खराब झालं असं समजू नका.

पातेल्यात जमलेलं पाणी मात्र मोरीत ओतू नका. पाऊण लिटरच्या वर भरतं. थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा, कढीला वापरा. थोडं पाणी मिसळून कढीपत्त्याच्या कुंडीला घाला, ताक घालतोच की आपण.

काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढत राहिलात, तर फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. वर गुलाबी, काळा किंवा हिरवा ठिपका दिसला, तर तेवढंच काढून बाकीचं खायचा मोह टाळा. सगळं टाकून द्या. मऊ पदार्थात बुरशी वर दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते. फ्रीझरमध्येही ठेवू नका, भुसभुशीत होतं.

खायचं कसं? मला विचाराल तर गरम बाजरीच्या भाकरीवर, पातीचा लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून मिसळून. पावाच्या टोस्टवर मिरपूड भुरभुरून लावा. मुलांसाठी थोडी पिठीसाखर घोटून त्यात सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीचे तुकडे घाला. सध्या त्या बाजारात येतायत, जरा आंबट असतात आणि इथे तशाच हव्यात. पिंपळगावचे बेदाणेही चालतील.

भाचीसारखा चीजकेक करणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढा, नाहीतर गुठळ्या मोडत नाहीत. आणि यात डिंक नसल्यामुळे भाजताना पाणी सुटतं, म्हणून मिश्रणात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर जास्तीचं घाला. विकतच्या डबीसाठी लिहिलेल्या कृतीत ते सांगितलेलं नसतं.

नमस्कार.