गार्ड वर! कोपरखैरण्यात बघितलेला एक बॉक्सिंगचा पिक्चर

[कोपरखैरणे स्टेशन, संध्याकाळची ठाण्याहून आलेली लोकल, उतरणारी गर्दी]

नमस्कार मंडळी. आज खाडीतले फ्लेमिंगो नाहीत, पाम बीच रोडवरचा सूर्यास्त पण नाही, तो सगळ्यांनी दाखवून झालाय. आज आपण एका खोलीत बसणार आहोत. मूळचं सिडकोचं छोटं बैठं घर, त्यावर आता दोन मजले चढलेत, खाली मावशींची खानावळ, वर एक खोली, खोलीत टीव्ही, आणि टीव्हीसमोर चार माणसं जी एरवी एकत्र बसून इंग्लिश पिक्चर कधीच बघणार नाहीत.

पिक्चर आहे साउथपॉ. 2015 चा, डिरेक्टर अँटवान फुक्वा, हिरो जेक जिलेनहॉल. माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं यावरून भांडण झालेलं, तो म्हणाला शंभर वेळा बघितलेली स्टोरी आहे, मी म्हणालो मला रडू आलं, तो म्हणाला तुला जाहिरात बघून पण येतं. मग म्हटलं आपल्या दोघांना ना कधी कोणी ठोसा मारलाय ना आपण कधी ओझं उचललंय, ज्यांना यातलं कळतं त्यांनाच विचारू.

स्टोरी थोडक्यात सांगतो, बघितला नसेल तर पुढे सगळंच फुटणार आहे, आधीच सांगितलं. बिली होप, लाइट हेवीवेट चॅम्पियन, म्हणजे 175 पाउंडाच्या आतला, साधारण 79 किलो. 43 फाइट, एकही हरलेला नाही. अनाथाश्रमात वाढलेला, बायको मॉरीन पण तिथलीच. सगळे निर्णय तिचे, हा फक्त रिंगमध्ये उतरणार. एका कार्यक्रमात दुसरा बॉक्सर डिवचतो, हा अंगावर जातो, झटापटीत गोळी सुटते आणि मॉरीन जाते. मग सगळंच जातं. रेफरीला डोकं मारतो, एक वर्षाची बंदी, घर जातं, पैसा जातो, शेवटी मुलगी सरकारी ताब्यात. तिथून मग एक जुनी जिम, एका डोळ्याने अधू असलेला कोच, आणि परत वर चढणं.

[टीव्हीच्या उजेडात चेहरे. काकांचा क्लोजअप.]

हे काका. रिटायर्ड माथाडी, मूळ साताऱ्याकडचे. इथे कोपरखैरणे-घणसोलीत गल्लीगल्लीत सातारा भेटतो तुम्हाला, वाशीच्या एपीएमसी मार्केटमुळे. मार्केट मुंबईतून इकडे आलं आणि गोणी उचलणारी माणसं मागोमाग आली. 1969 चा माथाडी कायदा, त्यातून आलेलं माथाडी बोर्ड, पगार, फंड, यावर इथली अख्खी पिढी उभी राहिलीय. काकांनी दाणाबंदरात गोण्या वाहिल्यात, आणि त्याआधी गावाकडं तालमीत लाल माती अंगाला लावलीय.

काकांना इंग्लिश येत नाही. मी म्हटलं मध्ये मध्ये थांबवून सांगतो, तर म्हणाले, "नगं. मारामारीला भाषा कशाला लागती?" आणि पहिल्याच फाइटला, जिथे बिली तोंडावर मार खात खात, डोळ्यातून रक्त येईपर्यंत थांबतो आणि मग चिडून समोरच्याला झोपवतो, तिथे आमच्या खोलीतला पहिला रिव्ह्यू आला.

"आरं ह्यो हात का वर करंना? मार खाऊन जिकणारा पैलवान न्हवं त्यो. त्यो नुसता मार खाणारा. आज जिकला, उद्या?"

मंडळी, मी हा पिक्चर तीनदा बघितलाय. पुढच्या दोन तासांची गोष्ट नेमकी हीच आहे हे काकांनी दहाव्या मिनिटाला ओळखलं, तेही एक शब्द न समजता.

[घणसोलीतला बॉक्सिंग क्लास. पॅडवर ठोशांचा आवाज.]

दुसरे प्रेक्षक कोच सर. घणसोलीत एका हॉलमध्ये क्लास घेतात, रिंग नाही, जमिनीवर पट्ट्या चिकटवून चौकोन केलाय आणि पोरं त्या पट्टीला दोर समजून खेळतात. सरांनी पिक्चर आधी बघितला होता, चिडूनच आले होते. त्यांचं म्हणणं असं की बॉक्सिंगच्या पिक्चरमध्ये कोणी गार्ड घेतच नाही, म्हणजे हात वर धरून तोंड वाचवतच नाही, प्रत्येक ठोसा तोंडावर, खऱ्या बाउटमध्ये एवढं झालं तर रेफरी कधीच थांबवेल. आणि सहा आठवड्यात स्टाइल बदलून थेट बेल्टची फाइट? "माझ्याकडची पोरं सहा आठवड्यात उडी दोरी शिकतात."

पण एक मानलं त्यांनी. जुनी जिम येते आणि कोच बिलीला सांगतो की आधी स्वतःला वाचवायला शिक, तिथे सर गप्प झाले. म्हणाले हे खरंय. नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी ठोसा मारायचा असतो, आणि मी महिना महिना फक्त उभं राहायला शिकवतो, पाय कुठे, हनुवटी कुठे, उजवा हात गालाला चिकटलेला, निम्मी पोरं कंटाळून सोडून जातात.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, पिक्चरमधली नाही, खरी. पूर्वी वर्ल्ड टायटलची फाइट 15 राउंडची असायची. नोव्हेंबर 1982, लास वेगास, अमेरिकेचा रे मॅन्सिनी आणि कोरियाचा डुक कू किम. किम डावखुरा, म्हणजे साउथपॉच. चौदाव्या राउंडला पडला, मेंदूत रक्तस्राव झाला, काही दिवसात गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने आपल्या टायटल फाइट 12 राउंडवर आणल्या, बाकीच्या संघटना पण हळूहळू तिकडेच आल्या. पिक्चरमधला शेवटचा सामना पण 12 राउंडचा, आणि तोही लास वेगासलाच. सर म्हणाले, "ते तीन राउंड का गेले हे पोरांना सांगतो मी. शूर असणं म्हणजे उभं राहून खात राहणं नाही." काकांनी मान हलवली. हे दोघे एकमेकांना दोन तासांपूर्वीच भेटलेले.

[खालची खानावळ. परात, कणीक, कुकरची शिट्टी.]

आता मावशी. पिक्चर पूर्ण बघितला नाही त्यांनी, वर-खाली चालू होतं, रात्रीचे डबे जायचे होते. पण मॉरीन गेल्यानंतरचा भाग दाराशी उभं राहून बघितला, हातात कणकेचा गोळा तसाच. घरातलं एकेक सामान उचलून नेतात तो सीन आला आणि मला वाटलं आता बंद करावा, कारण मावशींचे मालक पण माथाडीतच होते, जाऊन काही वर्षं झाली. पण त्या म्हणाल्या, चालू दे.

नंतर खाली कणीक मळता मळता बोलल्या. मी जसंच्या तसं ठेवतोय.

"त्याचं बघ, बायको गेली आणि त्याला कळंना पैसे कुठंयत, सही कशावर करायची. माझं उलटं झालेलं. ते गेले तेव्हा पतपेढीचं पासबुक कुठल्या ट्रंकेत आहे ते मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं ना. दहाव्यापर्यंत लोक येतात बाळा, नंतर कागद येतात. एका दिराने म्हटलं मी बघतो सगळं, आणि बघितलं त्याने, चांगलंच बघितलं." इथे त्या हसल्या. "म्हणून त्या मॅनेजरला मी लगेच ओळखला."

मॅनेजरचं काम फिफ्टी सेंटने केलंय, रॅपर आहे तो, गोड बोलून कागद पुढे सरकवणारा माणूस झालाय. आता गंमत अशी की हा रोल आणि हा पिक्चर मुळात दुसऱ्याच रॅपरसाठी, एमिनेमसाठी लिहिला गेला होता, तो हिरो होणार होता, मग त्याने काढता पाय घेतला आणि फक्त गाणी दिली. म्हणजे हिरोचा रोल, मॅनेजरचा नाही, मी गडबडीत चुकीचं बोललो, राहू दे, एडिट करत नाही.

आणि मावशींची खरी तक्रार ही होती, जी मी कुठल्याच समीक्षकाकडून ऐकली नाही: "कोणी डबा आणून दिला नाही त्याला. एवढा मोठा बंगला, बायको गेली, लहान पोरगी घरात, आणि एकाही शेजारणीने पिठलं-भाकरी पाठवली नाही? आमच्याकडं चूल बंद असली की चार घरून ताट येतं. ह्याच्याकडं कोणी आलं असतं तर त्याने एवढं प्यायला असतं का?"

यावर काय बोलणार. पिक्चरमध्ये तो माणूस एकटा पडतो हे दाखवायला त्यांनी गाडी झाडावर आदळवली, रक्त दाखवलं. मावशींनी एका न आलेल्या ताटावर आणून ठेवलं.

[क्लासमधली मुलगी हाताला पट्टी गुंडाळतेय.]

चौथी आमची ज्युनिअर, कॉलेजला आहे, सरांच्या क्लासमधली. तिला हिरो आवडला, बॉडी आवडली. (त्याच्या आदल्या वर्षी जिलेनहॉल एका पिक्चरमध्ये हाडं दिसतील इतका बारीक होता, आणि यात हे खांदे, त्यामुळे हे कौतुक तर सगळेच करतात.) पण तिला राग आला मॉरीनवरून. "दादा, सगळ्यात हुशार माणूस तीच होती ना त्या घरात? आणि तिलाच पहिल्या अर्ध्या तासात मारलं. का, तर ह्याला रडता यावं म्हणून. असं का असतं की बाईने मरायचं आणि बाप्याने सुधारायचं?"

सर म्हणाले अगं पिक्चर आहे. ती म्हणाली, "मेरी कोमने जुळी झाल्यावर, 2012 ला लंडनला 51 किलोत ब्राँझ आणलं. तिला सुधारायला कोणाला मरावं नाही लागलं."

खोलीत शांतता. मग काका म्हणाले, "पोरगी डाव चांगला टाकती."

मला स्वतःला विचाराल तर मॉरीन झालेली रेचल मॅकॅडम्स गेल्यावर पिक्चर खरंच थोडा गरीब होतो. आणि जिममधल्या एका लहान मुलाचं, हॉपीचं, मरण तर पडद्यावर येतच नाही, कोणीतरी येऊन सांगतं आणि आपण हादरायचं, ते मला बिलकुल पटलेलं नाही. पण मुलीचं काम केलंय त्या ऊना लॉरेन्सने काय केलंय! बाप भेटायला जातो आणि ती त्याला मारते, चिडून, रडत, आणि तो मारू देतो. अख्ख्या पिक्चरमध्ये माझ्या मते हाच एक मार आहे जो त्याने हात खाली ठेवून खायलाच हवा होता. सरांनी पण इथे गार्डवरून काही कॉमेंट केली नाही.

मागे जे हळू म्युझिक आहे ते जेम्स हॉर्नरचं. 22 जून 2015 ला विमान अपघातात गेले ते, स्वतः चालवत होते, पिक्चर त्याच्या पुढच्या महिन्यात लागला आणि त्यांनाच अर्पण केलाय.

[परत वरची खोली. शेवटची फाइट.]

शेवटची फाइट. आता हे सांगायलाच लागेल कारण पुढे जे झालं ते यावरच झालं. साधा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो, डाव्या हाताने जॅब, उजवा हात मागे, ताकदीचा. साउथपॉ म्हणजे सगळं उलटं, उजवा पाय पुढे. बिली पिक्चरभर साधाच उभा राहतो. आणि शेवटच्या राउंडला पवित्रा बदलतो, समोरच्याला काही कळायच्या आत अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीवर ठोसा, आडवा.

काका पलंगावरून उठलेच. "वस्तादानं एक डाव राखून ठेवला हुता!"

बास. इंग्लिश पिक्चरच्या नावाचा अर्थ काकांनी एका वाक्यात लावला. आमच्याकडे म्हण आहे की वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, चेला कधी उलटला तर उपयोगी पडावा म्हणून. इथे तो राखलेला डाव वस्तादाने चेल्यालाच देऊन टाकला, एवढाच फरक, आणि काकांना तो फरक फार आवडला, परत परत तेच सांगत होते.

सरांना वेगळं आवडलं. नॉकआउट नाही, पॉइंटवर निकाल, तोही स्प्लिट डिसिजन, म्हणजे तीन जज, दोन याच्या बाजूने, एक त्याच्या. राउंड जिंकला की 10-9, आणि पाडलं तर सहसा 10-8. म्हणजे तो एक अपरकट कागदावर एक पॉइंट जास्त देऊन गेला. "एवढंच असतं खरं तर," सर म्हणाले, "पोरं नॉकआउट बघायला येतात आणि सामने असे एका पॉइंटवर जातात."

खालून मावशींचा आवाज आला, "संपलं का रे?"

मी म्हटलं हो मावशी, जिंकला.

"ते राहू दे. पोरगी घरी आली का?"

म्हटलं मिळतात दोघं, शेवटी ड्रेसिंग रूममध्ये.

"मग ठीक," आणि कुकरची शिट्टी.

मला वाटलं इथे पॅकअप. लाइट काढायला लागलो. तर मागे काका सरांना विचारतायत की पाय नक्की कसा बदलला त्याने, परत लाव बघू. सरांनी रिमोट घेऊन मागे नेलं, हळू चालवलं, आणि मग दोघंही पलंग आणि कपाटाच्या मधल्या तीन फुटांत उभे राहिले, एकाने उजवा पाय पुढे घेतला, दुसऱ्याने पायजमा वर खोचून कुस्तीचा पवित्रा घेतला, सर म्हणतायत काका हनुवटी खाली, काका म्हणतायत मास्तर आधी तुमचा गुडघा धरला तर काय करशीला, आणि आमची ज्युनिअर मोबाइलवर टायमर लावून ओरडतेय, राउंड वन!

[कॅमेरा हलतो. स्टूल पडल्याचा आवाज. खालून मावशी: "माझी फरशी!"]