धबधब्याकडे पाठ करून

नमस्कार श्रोतेहो. तुमची मुलं वॉशिंग्टनच्या आसपास राहत असतील आणि तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर एखाद्या रविवारी ती तुम्हाला ‘ग्रेट फॉल्स’ला नेणार, हे नक्की. व्हर्जिनियातलं हे उद्यान शहरापासून साधारण पंधरा मैलांवर आहे. पोटोमॅक नदी इथे मैलभराच्या आत 76 फूट खाली कोसळते आणि पुढे मॅथर घळीत अंग चोरून वाहते. कठड्याशी फोटो होतात, डबा संपतो आणि मंडळी गाडीत बसतात. मी म्हणेन, थोडं थांबा. धबधब्याकडे पाठ करा आणि झाडीत शिरा.

आत जुन्या कालव्याचे अवशेष आहेत. पश्चिमेकडचा माल नदीतून समुद्रापर्यंत आणायचा, हा जॉर्ज वॉशिंग्टनचा ध्यास. 1785 मध्ये कंपनी निघाली, तोच तिचा पहिला अध्यक्ष. देशाचा अध्यक्ष तो नंतर झाला! धबधबा टाळून होड्या खाली उतरवायला पाच लॉक बांधले, म्हणजे दारं लावलेले पाण्याचे हौदच. काही तर अखंड कातळ सुरुंगाच्या दारूने फोडून काढले. राबणाऱ्यांत मजूर होते, करारावर बांधलेले नोकर होते आणि गुलामही होते. इथलं काम 1802 मध्ये पुरं झालं, तोवर वॉशिंग्टन जाऊन तीन वर्षं झाली होती. पीठ, तंबाखू, लोखंड अशा मालाच्या होड्या आल्या खऱ्या, पण नदी कधी फार भरलेली, कधी फार आटलेली. 1828 मध्ये कंपनीचा कारभार आटोपला.

कालव्याकाठी माटिल्डाव्हिल नावाचं छोटं गाव होतं. ते वसवणारा हेन्री ली स्वातंत्र्ययुद्धातला नावाजलेला घोडदळ अधिकारी. गावाला नाव बायकोचं दिलं. आता पडक्या भिंतींचे दगड तेवढे उरलेत.

तिथवर जायला ‘ओल्ड कॅरेज रोड’ बरा. रुंद, सपाट, गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही झेपेल असा. या वाटेवर घोडेस्वारांनाही परवानगी आहे. लोक आपापले घोडे ट्रेलरमधून आणतात. समोरून घोडा आला तर बाजूला उभं राहून त्याला वाट द्यायची आणि मोकळ्या आवाजात ‘हॅलो’ म्हणायचं. आवाज ऐकला की हा माणूस आहे, हे घोड्याला कळतं आणि तो बुजत नाही. नातवंडांना मात्र त्याच्या मागून पळू देऊ नका.

घळीच्या कडेने जाणारी ‘रिव्हर ट्रेल’ फक्त चालणाऱ्यांसाठी. दृश्य तिथलंच सर्वांत देखणं, पण खडक चढउताराचे. चपला घालून जाऊ नका. पाण्यात पाय बुडवायलाही इथे बंदी आहे. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखालची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही खेचून नेते. नदीचा स्वभाव बघायचा असेल तर कठड्याजवळचा पुराच्या खुणांचा खांब बघा. 1936 ची पाटी वाचायला मान वर करावी लागते, आणि तो खांब उभा आहे घळीच्या माथ्यावर!