बेलची ऑर्डर संध्याकाळी येते

विषय रुक्ष आहे, आधीच सांगतो. तुरुंगातल्या व्यसनी माणसाच्या उपचाराचा खर्च कोणी करायचा? पुण्यात हा प्रश्न काढला की लोक चटकन म्हणतात, ‘अहो, येरवड्यात मुक्तांगण आहे ना!’ आहे. हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान असायलाच हवा. पण मी बोलतोय ते तुरुंगाच्या भिंतीआडचं.

माझी काही वर्षं तुरुंगाच्या दवाखान्यात गेली. येरवड्यात नव्हे, एका लहान जिल्हा कारागृहात. एका शुक्रवारी किरकोळ मारामारीतला एक बंदी आला. रोजची देशी पिणारा. रविवारी रात्री त्याचे हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. शिपाई म्हणाला, ‘नाटकं करतोय.’ दारू एकदम तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हे होतं, आणि औषध नाही मिळालं तर माणूस दगावू शकतो. गर्दुल्ल्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, बघवत नाही, पण जीव जाण्याची भीती दारूत जास्त. औषधं काय लागतात? क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, थायमिनची इंजेक्शनं. फार महाग नाहीत. आमच्या कपाटात तेव्हा दोन्ही नव्हती. मी बाजारातून आणली. माणूस वाचला.

आता कायदा बघा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं ७१ वं कलम म्हणतं की सरकार उपचार केंद्रं स्थापन करू ‘शकेल’. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मात्र दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येतच घेतल्या आहेत, आणि १०३ वं कलम सांगतं की प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र उभारावंच लागेल. ‘शकेल’ आणि ‘लागेल’. सगळा खेळ क्रियापदाचा आहे, आणि खजिन्याला पहिलं क्रियापद आवडतं.

अडचण नुसत्या पैशाची नाही. महाराष्ट्राला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त मिळतात. दारू पाजून आलेला पैसा आहे, त्यातला चिमूटभर इकडे आला तरी पुरे. अडचण अशी की तुरुंग गृह खात्याचा, डॉक्टर आरोग्य खात्याचे, आणि व्यसनमुक्तीचं अनुदान केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून, तेही मुख्यतः बाहेरच्या संस्थांना. बंदी तिघांचा, म्हणजे कोणाचाच नाही. फाइल मात्र तिन्हीकडे फिरते. एका साहेबांनी मला विचारलं होतं, ‘डॉक्टर, लेखाशीर्ष कोणतं टाकू?’ म्हणजे खर्च कोणाच्या खात्यावर लिहू. प्रश्न चुकीचा नव्हता हो.

आणि जो काही पैसा येतो तो कशावर जातो? भाषणं, योगासनं, २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिनाचा कार्यक्रम. वाईट नाही. पण देशातल्या तुरुंगांत दर चौघांत तिघे कच्चे कैदी आहेत. ते कधी सुटतील ते त्यांनाही माहीत नसतं. व्यसनमुक्तीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम कोणासाठी आखता? खरी जोखीम दोन टोकांना आहे, आत आल्यावरचा पहिला आठवडा आणि सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा २००७ मध्ये छापलेला अभ्यास आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट आढळला. कारण साधं आहे. आत सवय उतरलेली असते, माणूस बाहेर येऊन जुनाच डोस घेतो.

तिकडेही पैशाचा घोळ आहेच. मेडिकेड ही तिथली गरिबांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना; तिच्या १९६५ च्या कायद्यानुसार माणूस आत गेला की केंद्राचा पैसा जवळजवळ थांबतो आणि खर्च राज्याच्या नाहीतर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, गळ्यात पडतो. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ मध्ये वीस लाख डॉलर घालून तुरुंगातच ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही हेरॉइनसारख्या व्यसनावरची पर्यायी औषधं सुरू केली आणि सुटताना माणूस थेट बाहेरच्या दवाखान्याशी जोडून दिला. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत ओव्हरडोसने गेलेल्यांत नुकतेच सुटलेले २६ होते, पुढच्या वर्षीच्या सहामाहीत ९. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने सुटकेआधीच्या ९० दिवसांसाठी मेडिकेडची परवानगी मिळवली. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. पुणे जिल्ह्यात कुरकुंभला सापडली त्या एमडीवर (मेफेड्रोनवर) मेथाडोनसारखी पर्यायी गोळीच नाही, तिथे समुपदेशकाचा पगारच द्यावा लागेल. पण पैसा फाटकाशी न्यायची युक्ती घेण्यासारखी आहे.

आपल्या फाटकाशी काय होतं ते सांगतो. त्या देशीवाल्याला नवव्या दिवशी बेल झाली. ऑर्डर संध्याकाळी आली. उरलेल्या गोळ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या नावाची चिठ्ठी घेऊन मी फाटकाकडे गेलो. शिपाई म्हणाला, ‘साहेब, सुटलेल्याला दवाखान्याचं औषध देता येत नाही, स्टॉकचा मेळ बसत नाही.’ मी म्हटलं, ‘अरे, ती माझ्या पैशाची आहेत.’ तो ओशाळला, त्याने फाटकातलं छोटं दार, दिंडी, उघडली. तोवर आमचा पेशंट एसटी स्टँडच्या दिशेने निघून गेला होता.