चाळताना वाक्याचा शेवट सोडू नका

नमस्कार श्रोतेहो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आजचं बोलणं आहे.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट, म्हणजे कल चाचणीच्या, पेपरात १२० मिनिटांत ८० प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि त्यातच लांबलचक उतारेही वाचायचे. मग मुलं झरझर वाचण्याच्या युक्त्या शोधतात. पण आधी डोळ्याचं ऐका. डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो आणि प्रत्येक मुक्कामी साधारण पाव सेकंद थांबतो. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या रुंदीएवढाच भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. अख्खं पान एका नजरेत टिपता येत नाही. भरभर वाचायचं तर काहीतरी सोडावंच लागतं.

काय सोडायचं? इंग्रजी पुस्तकं सांगतात, परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा, बाकीच्यांवरून नजर फिरवा. मराठीत एवढ्यावर भागत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नकारही तिथेच. ‘धरणांमुळे दुष्काळ कायमचा हटला असं म्हणता येणार नाही.’ अर्ध्यावरून पुढे उडी मारलीत, तर नेमका उलटा अर्थ घेऊन जाल! कितीतरी मुलांचे गुण याच ‘नाही’पाशी गेलेले मी पाहिलेत. म्हणून चाळताना वाक्याचा मधला भाग सुटला तरी चालेल, शेवट सोडू नका. आणि ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ दिसलं की थबका. लेखकाचं खरं म्हणणं बहुधा त्यापुढे असतं.

एखादी नेमकी गोष्ट शोधायची असेल, तर वाचूच नका, फक्त हुडका. निकालाच्या यादीत आपला बैठक क्रमांक शोधतो तसं. साल, टक्केवारी हे आकडे चटकन सापडतात. नावांचं अवघड. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे नाव ओळीत मिसळून जातं. शिवाय ते रूप बदलतं. ‘पुणे’ हुडकत बसाल आणि ‘पुण्याला’, ‘पुण्यातून’ डोळ्यांदेखत निसटेल. तेव्हा नजरेत फक्त ‘पु’ धरा.

आज रात्री वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या, घड्याळ लावा आणि दोन मिनिटांत पेन्सिलीनं फक्त वाक्यांचे शेवट आणि ‘पण’, ‘मात्र’ अधोरेखित करा. लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा. मग तोच अग्रलेख सावकाश, पहिल्यापासून वाचा आणि आपलं वाक्य ताडून पाहा.