काळा पट्टा कोणत्या बाजूला?

[दृश्य: जुना रंगीत प्रिंट, जवळून]

ग्रुप फोटो आहे. उजवीकडची मंडळी लख्ख, साडीची जरसुद्धा मोजून घ्यावी इतकी. डावीकडे मात्र उभा काळा पट्टा, आणि त्यात दोन-तीन माणसं गडप. फ्लॅश उडाला होता हे उघडच आहे, नाहीतर बाकीचे तरी दिसले असते का? आता या पट्ट्याची कड बघा. सरळसोट. लेन्ससमोर बोट आलं असतं तर कड धूसर झाली असती. इतकी धारदार सावली पडते ती फिल्मच्या अगदी पुढ्यात असलेल्या वस्तूचीच. म्हणजे शटरच्या पडद्याची.

[दृश्य: कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलेलं, पडदे दिसतायत]

हा ‘असाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक’ कॅमेरा. १९६४ साली जपानमध्ये बाजारात आलेला. याच्या पोटात रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे आहेत आणि ते आडवे धावतात. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडी पडते. ठरलेला वेळ गेला की दुसरा मागून येतो आणि ती झाकतो. हा वेळ डायलवर ठरवायचा. डायल साठावर, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १७ मिलिसेकंद. अशा शटरचा पडदा फिल्मवरची ३६ मिलिमीटर रुंदीची चौकट ओलांडायला साधारण १२ ते १४ मिलिसेकंद घेतो. तेव्हा साठावर पूर्ण चौकट एकाच वेळी उघडी असते ती फार तर चार-पाच मिलिसेकंद. फ्लॅशला तेवढे पुष्कळ झाले, त्याचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर संपतो. पण तो नेमका त्या चार-पाच मिलिसेकंदांतच पडायला हवा.

डायल १२५ वर नेला की पहिला पडदा पोहोचायच्या आतच दुसरा निघालेला असतो. पूर्ण चौकट कधी उघडतच नाही, नुसती एक फट धावत जाते. फ्लॅश त्या फटीतून दिसेल तेवढंच टिपतो. आपल्या ग्रुप फोटोचा सर्वात साधा खुलासा हाच: डायल साठावर नव्हता. दिवसाउजेडी हीच चूक सहज पचून जाते, कारण पट्ट्यातही बाहेरचा उजेड असतो. तो भाग जरा मंद दिसतो, एवढंच. रात्रीच्या हॉलमध्ये मात्र लपायला जागा नाही.

आणि डायल साठावर होता, तरीही पट्टा आला असेल तर? मेकॅनिककडे जायच्या आधी एक गोष्ट घरी करून बघता येते.

[दृश्य: पांढरी भिंत, कॅमेरा, फ्लॅश]

कॅमेऱ्यात रोल नको. मागचं दार उघडं ठेवा, लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा. फ्लॅशचं तोंडही भिंतीकडेच, चुकूनही डोळ्यांकडे नको. खोलीतला दिवा बंद. आता मागून चौकटीकडे बघत बटण दाबा.

[दृश्य: संथ गतीत, चौकट उजळते]

दिसलं? त्या एका क्षणात पडदा जिथे होता तिथेच गोठल्यासारखा दिसतो. चौकट चारी बाजूंनी उजळली तर सगळं ठीक. एका बाजूला काळं राहिलं, तर ती बाजू कोणती हे नीट लक्षात ठेवा. निदान तिथेच आहे, आणि घाईघाईत नेमकं तेच बघायचं राहतं.

पडदे जिथून निघतात त्या बाजूला काळं असेल, तर फ्लॅश पडला तेव्हा दुसरा पडदा आत शिरला होता. म्हणजे पहिला रेंगाळला, किंवा दुसरा वेळेआधी सुटला. पडदे जिथे पोहोचतात त्या टोकाला काळं असेल, तर पहिला पडदा अजून वाटेतच होता आणि फ्लॅशला इशारा देणारा कॉन्टॅक्ट लवकर जुळला. दोन्ही दोष वेगळे, दुरुस्तीही वेगळी. मेकॅनिकला ‘फ्लॅश नीट येत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा ही बाजू सांगितली तर त्याचा अर्धा शोध वाचतो.

पुढची परीक्षा तिसावर. तिसावर चौकट पूर्ण आणि साठावर कापलेली, असं असेल तर दोष बहुतेक म्हातारपणाचा. वंगण सुकलेलं असतं, स्प्रिंग थकलेली असते, आणि मोकळीक मुळातच चार-पाच मिलिसेकंदांची. तोवर फ्लॅशचे फोटो खुशाल तिसावर काढा. साठाच्या खाली कुठेही सिंक, म्हणजे फ्लॅश आणि शटरचा मेळ, मिळतो. फक्त बाहेरचा उजेड जास्त असेल तर हलणारी माणसं थोडी पुसट येतील. एक मोह मात्र टाळा. पडद्याची स्प्रिंग पिळून त्याला वेग देता येतो, आणि काही जण तेवढंच करून कॅमेरा परत देतात. सुकलेल्या वंगणावर जोर वाढवला की झीजच वाढते. आधी सफाई आणि वंगण, स्प्रिंगला हात त्यानंतर.

[दृश्य: कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूची दोन सॉकेट]

आता दुसरी तक्रार: फ्लॅश दर वेळी उडतो, पण सगळा फोटो काळा. स्पॉटमॅटिकवर संशयित समोरच बसलेले आहेत. लेन्सच्या बाजूला दोन सॉकेट आहेत, एकावर एफपी, दुसऱ्यावर एक्स. एक्स इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी, एफपी हे एकदाच जळणाऱ्या जुन्या फ्लॅशबल्बसाठी. ते बल्ब पेट घ्यायला वेळ लावत आणि बराच वेळ जळत राहत, म्हणून त्यांना इशारा पडदा चौकटीत शिरायच्या आधीच द्यावा लागे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची वायर तिथे खोचली की बंद पडद्यावर उजेड पडतो आणि फिल्म कोरीच राहते, म्हणून प्रिंट काळा. १९५० च्या लायका थ्री एफ कॅमेऱ्यावर तर ही वेळ जुळवायला ० ते २० आकड्यांची वेगळी तबकडीच होती. आकडा चुकला की फोटो गेला.

आपल्याकडच्या स्टुडिओंत आणि लग्नांत एकेकाळी दिसणाऱ्या याशिका मॅट १२४जी चं दुखणं वेगळं. तिचं शटर लेन्समध्येच, पात्यांचं. पाती मधून उघडतात, त्यामुळे ५०० पर्यंत कुठल्याही वेगावर सिंक मिळतो आणि अर्धा काळा फोटो ती देऊच शकत नाही. पण तिला एम (फ्लॅशबल्बसाठी) आणि एक्सची कळ आहे. कळ एम वर राहिली की पाती उघडायच्या आत फ्लॅश पडून मोकळा. कॅमेरा पुसताना, पिशवीत घालताना कळ सरकू शकते, तेव्हा फ्लॅश लावला की आधी तिच्याकडे नजर टाकलेली बरी.

[दृश्य: सिंक कॉर्ड, पिन जवळून]

फ्लॅश उडतच नसेल, किंवा मनात आलं तर उडत असेल, तर कॅमेऱ्याला लगेच बोल लावू नका. फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबा. उडाला तर फ्लॅश बरा आहे. मग कॉर्ड, म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्याला जोडणारी वायर, बदलून बघा. या प्रकरणात सर्वात जास्त वेळा तीच गुन्हेगार निघते. पिनचं बाहेरचं कडं सैल होतं आणि कॅमेरा उभा धरला की वायरच्या ओझ्याने संपर्क तुटतो. कडं पकडीने किंचित, अगदी किंचित आवळायचं. कोकणातल्या दमट हवेत पितळेवर हिरवट थर चढतो, तो व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसला की जातो; मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं.

तरीही नाही, तर फ्लॅश काढून मल्टीमीटर (वीज जाते का ते बघायचं उपकरण) लावा. एक टोक सॉकेटच्या मधल्या टोचणीला, दुसरं कड्याला. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) ठेवून बटण दाबून धरलं की मीटर वाजायला हवा. नाही वाजला तर आतला कॉन्टॅक्ट मळलेला किंवा जळालेला. जुने काही फ्लॅश त्या कॉन्टॅक्टवर दोनशेहून जास्त व्होल्ट टाकतात. बारीक ठिणगी दर वेळी पडते आणि वर्षानुवर्षांची काजळी साचते. म्हणूनच असा फ्लॅश हौसेने डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. तिथे काजळी धरायला पितळ नाही, नाजूक सर्किट आहे.

[दृश्य: पुन्हा पांढरी भिंत]

कॅमेरा दुरुस्त होऊन आला की हीच भिंत पुन्हा. तीस, साठ, एकशेपंचवीस, तिन्ही. पहिल्या दोन वेळा चौकट पूर्ण दिसायला हवी आणि तिसऱ्यांदा कापलेली. १२५ वरही पूर्ण दिसली तर खूश होऊ नका. डायलवरचे १२५ प्रत्यक्षात साठाच्या आसपास धावतायत, आणि फ्लॅशशिवाय काढलेले फोटो जास्त उजळ येणार. कॅमेरा परत मेकॅनिककडे.