रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी साखर १७०?

(कोथरूडमधील ज्येष्ठ नागरिकांसमोर एका डॉक्टरांनी केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

झोपताना साखर १३०. रात्रभर पाण्याशिवाय पोटात काही नाही. आणि सकाळी उपाशीपोटी १७०! हा प्रश्न घेऊन येणाऱ्या काकांबरोबर सहसा काकूही असतात आणि त्यांचा संशय बाकरवडीच्या डब्यावर असतो. डब्याला तूर्त निर्दोष सोडूया. ही साखर बऱ्याचदा यकृतातून आलेली असते.

पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन अशी हार्मोन्स वाढतात, इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि यकृत रक्तात साखर सोडतं. हे मधुमेह नसलेल्यांतही घडतं, पण त्यांचं स्वादुपिंड जरा जास्त इन्सुलिन सोडून ते निभावतं. आपल्याला ते जमत नाही. डॉक्टर याला ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात; डॉन म्हणजे पहाट.

दुसरं स्पष्टीकरण मायकेल सोमोजी या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडलं: रात्री साखर फार खाली जाते आणि शरीर ती उसळून वर आणतं. हे अजून घरोघरी सांगितलं जातं, आणि मग झोपताना दूध-बिस्किटं सुरू होतात. पण रात्रभर साखर मोजत राहणारा सेन्सर लावून पाहिल्यावर दिसलं, की रात्री साखर उतरलेल्यांची सकाळचीही बहुधा कमीच असते. तेव्हा बिस्किटांना हे निमित्त नको.

तिसरं कारण साधं: रात्रीचं इन्सुलिन सकाळपर्यंत पुरत नाही, किंवा जेवणच साडेदहाला होतं. तेलकट, तुपकट जेवणाची साखर तर उशिरा चढते.

सकाळचा आकडा तिन्हींत सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे. म्हणून दोन-तीन रात्री गजर लावा. झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्या उठल्या, असे तीन आकडे लिहा. झोपतानाच जास्त असेल तर जेवण नाहीतर औषध तपासायचं. तीनला ठीक आणि सहाला चढलेली, तर पहाटेचा खेळ. तीनला ७० च्या खाली दिसली तर आधी साखर खा आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा. अशा माणसाने सकाळचा आकडा पाहून स्वतःच इन्सुलिन वाढवलं, तर पुढची रात्र धोक्याची. गजर नको असेल तर दंडावर लावायचा सेन्सर मिळतो.

आणि हो, तळजाई टेकडीवर चक्कर मारून साडेआठला घेतलेला आकडा सहाचा म्हणून लिहू नका. आंबा कापलेल्या हाताने तर मुळीच तपासू नका. आधी हात धुवा.

जेवण लवकर, जेवणानंतर वीस मिनिटं चालणं, याने बऱ्याच जणांना फरक पडतो. गोळीची वेळ बदलायची ती डॉक्टरांनी.

आत्ता एका काकांनी विचारलं, “नाश्ताच टाळला तर उतरेल ना?” नाही. काहींची साखर खाईपर्यंत चढतच राहते. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहिलात, तर दुपारी बाराला चक्कर येऊन पडाल.