अंजनवेलला लागलेलं जहाज: एलएनजीचा बाजार कसा बदलला

(दृश्य: पहाट. अंजनवेलचा किनारा, खाडीचं मुख, दूरवर जेट्टी)

३० मार्च २०१८. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला, दाभोळ टर्मिनलच्या जेट्टीवर ‘मेरिडियन स्पिरिट’ हे एलएनजीचं, म्हणजे अतिथंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचं, जहाज लागलं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या सबीन पासहून ते निघालं होतं. गेल या भारताच्या सरकारी गॅस कंपनीने २०११ साली २० वर्षांचा करार केला होता, वर्षाला ३५ लाख टनांचा. त्या करारातली ही भारतात पोचलेली पहिली खेप.

कतारहून गुजरातमधल्या दहेजला येणाऱ्या जहाजात असतो तोच मिथेन याही जहाजात होता. वेगळा होता तो करार. गेल्या दहा वर्षांत गॅसच्या बाजारात जी उलथापालथ झाली, ती समजून घ्यायची तर हा करार वाचायला हवा. पण त्याआधी माल कसा आहे ते पाहू, कारण कराराच्या अटी मालाच्या स्वभावातूनच येतात.

(दृश्य: द्रवीकरण प्रकल्प, उंच शीतस्तंभ)

विहिरीतून येणारा वायू थेट थंड करता येत नाही. आधी त्यातला कार्बन डायऑक्साइड काढतात, नाहीतर तो गोठून नळ्या बंद करतो. मग पाण्याचा अंश काढतात, तोही त्याच कारणाने. मग पारा. पारा अगदी नगण्य असला तरी अॅल्युमिनियमचे उष्णताविनिमयक पोखरतो, म्हणून त्याचा थेंबही पुढे जाऊ देत नाहीत. त्यानंतर टप्प्याटप्प्याने गारवा वाढवत नेतात. उणे १६२ अंशांवर वायूचा द्रव होतो आणि त्याचं आकारमान साधारण सहाशेपट घटतं. ज्यासाठी समुद्रातून पाइप टाकावा लागला असता, तो वायू आता टाकीत मावतो.

आजच्या मोठ्या जहाजात १ लाख ७४ हजार घनमीटर द्रव मावतो. वजन ७० हजार टनांच्या पुढे. टाकीला कितीही जाड उष्णतारोधक थर दिला तरी बाहेरची उष्णता आत शिरतेच, आणि नव्या जहाजातही रोज हजारी एक भागाच्या आसपास माल उकळून वायू होतो. तो वाया जात नाही, त्यावरच जहाजाचं इंजिन चालतं. मात्र २५ दिवसांच्या प्रवासात यात सुमारे ४ हजार घनमीटर माल खर्ची पडतो. शिवाय माल उतरवताना थोडा द्रव तळाशी मुद्दाम ठेवावा लागतो, म्हणजे परतीच्या वाटेवर टाक्या थंड राहतात.

गव्हाचा व्यापारी भाव येईपर्यंत पोती गोदामात ठेवू शकतो. एलएनजीवाल्याला तशी सोय नाही, थांबला की माल रोज कमी होतो. म्हणूनच या धंद्यात सुरुवातीपासून आधी गिऱ्हाईक पक्कं करत आणि मगच प्रकल्प बांधत. १९६९ साली अलास्काहून टोकियोकडे पहिलं जहाज गेलं, ते अशाच दीर्घ करारावर.

(दृश्य: टोकियो उपसागर, जुन्या जहाजांच्या गोल टाक्या)

पुढे अशा जुन्या दीर्घ करारांच्या तीन अटी रूढ झाल्या. किंमत कच्च्या तेलाला बांधलेली. ठरलेला माल उचलला नाही तरी पैसे भरायचे. आणि जहाज ठरलेल्या बंदरातच रिकामं करायचं, दुसरीकडे विकायचं नाही. तेलाच्या भावाच्या किती टक्के गॅसचा भाव, त्या टक्केवारीला या धंद्यात ‘स्लोप’ म्हणतात. १२ टक्के स्लोप असेल आणि ब्रेंट, म्हणजे कच्च्या तेलाचा प्रमाण भाव, पिंपाला ८० डॉलरवर असेल, तर गॅस दर एमएमबीटीयूला (गॅसमधल्या उष्णतेचं माप) ९ डॉलर ६० सेंट. ब्रेंट ५० वर आलं की ६ डॉलर.

हे सूत्र आपल्याला एकदा फार जड गेलं. २००४ साली दहेज टर्मिनल सुरू झालं ते कतारच्या वर्षाला ७५ लाख टनांच्या करारावर. २०१५ मध्ये तेल कोसळलं, पण करारातला भाव मागच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर ठरत होता. त्यामुळे आपण १२-१३ डॉलर मोजत होतो आणि खुल्या बाजारात तोच माल ६-७ डॉलरला मिळत होता. दहेज टर्मिनल चालवणाऱ्या पेट्रोनेट कंपनीने उचल कमी केली, कतारशी बोलणी झाली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरासरीचा काळ तीन महिन्यांवर आला. एका आकड्याच्या दुरुस्तीने भाव जवळपास निम्म्यावर उतरला.

आता सबीन पासचा करार बघा. तिथली किंमत तेलाला बांधलेली नाही, ती हेन्री हब या अमेरिकेतल्या गॅसच्या मुख्य बाजारातल्या भावाला बांधलेली आहे: त्या भावाच्या ११५ टक्के, अधिक द्रवीकरणाचं ठरावीक शुल्क. हेन्री हब ३ डॉलर आणि शुल्क ३ डॉलर धरलं, तर जहाजात भरलेला माल ६ डॉलर ४५ सेंटला पडतो. भाडं, कालव्याचा टोल, वाटेत जळालेला गॅस, विमा हे सगळं वेगळं. माल जहाजात चढला की तो खरेदीदाराचा, हवा तिथे न्यावा. नकोच असेल तर आधी कळवून खेप रद्दही करता येते, मात्र शुल्क चुकत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडमुळे आशियातला भाव २ डॉलरच्याही खाली गेला तेव्हा, अमेरिकेतल्या शंभराहून जास्त खेपा अशाच रद्द झाल्या. शुल्क भरणं परवडलं, माल उचलणं नाही.

गेलनेही या मोकळिकीचा फायदा घेतला. अमेरिकेतला आपला माल तिकडेच कुणाला द्यायचा आणि बदल्यात भारताजवळचा माल घ्यायचा. अमेरिकेहून भारतात यायला सुएझमार्गे २४-२५ दिवस, आफ्रिकेला वळसा घातला तर महिन्याच्या वर. कतारहून दहेज अवघ्या तीन-चार दिवसांवर. अदलाबदलीत भाडं वाचतं.

(दृश्य: नकाशा. अटलांटिकमध्ये एका जहाजाची रेषा मध्येच वळते)

पण जहाज वळवता येतं, म्हणजे ते दुसऱ्यालाही वळवता येतं. २०२२ मध्ये रशियाचा पाइपमधला गॅस आटला आणि युरोप जहाजांच्या मागे लागला. ऑगस्टअखेर तिथला भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. एका जहाजात साधारण ३६ लाख एमएमबीटीयू माल. भावात १० डॉलरचा फरक पडला की एका खेपेमागे साडेतीन कोटी डॉलरहून जास्त सुटतात. करार मोडल्याचा दंड याहून लहान असेल, तर तो भरूनही विक्रेत्याचा फायदाच. त्या वर्षी जुलैत पाकिस्तानने दहा खेपांची निविदा काढली, एकही बोली आली नाही. बांगलादेशने खुल्या बाजारातली खरेदीच थांबवली. गेलचा रशियन कंपनीच्या सिंगापूरमधल्या उपकंपनीशी करार होता. ती उपकंपनी जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि आपल्या खेपा अडकल्या.

युरोपच्या घरातली शेगडी पेटती राहावी हे रास्तच आहे. पण त्या वर्षी अंधार कुणाच्या वाट्याला आला, हेही त्याच नकाशावर दिसतं.

(दृश्य: फ्रीपोर्ट, टेक्सास. पाइपांची रांग)

त्याच धामधुमीत एका झडपेने जगाचा बाजार हलवला. ८ जून २०२२, टेक्सासमधलं फ्रीपोर्ट. टाकीपासून जेट्टीकडे जाणाऱ्या १८ इंची पाइपच्या एका भागात एलएनजी कोंडला गेला. दाब वाढला तर वाट द्यायला तिथे सुरक्षा झडप होती. पण आधीच्या चाचणीनंतर तिच्याकडे जाणारा मार्ग उघडायचा राहिला होता. कोंडलेला द्रव हळूहळू तापला, फुगला, पाइप फाटला आणि आग लागली. अमेरिकेची सुमारे पाचवा हिस्सा निर्यातक्षमता बंद पडली. माल घरातच अडकल्याने अमेरिकेत भाव पडला, युरोपात चढला. प्रकल्प पुन्हा सुरू व्हायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला.

२०२३ मध्ये अमेरिका जगातला सर्वात मोठा एलएनजी निर्यातदार झाला. कतारनेही आपली क्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवरून १४.२ कोटींपर्यंत नेण्याचं ठरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारने भारताशी ७५ लाख टनांचा करार २०२८ पासून पुढे २० वर्षांसाठी वाढवला. यात एक बदल नीट पाहण्यासारखा आहे: जुन्या करारात माल कतारच्या धक्क्यावर आपला होतो, नव्या करारात तो आपल्या बंदरात पोचवून द्यायचा आहे. वाटेची जोखीम आणि जहाजाची जबाबदारी विक्रेत्याकडे गेली. त्याबरोबर जहाज हवं तिकडे वळवण्याची मुभाही गेली. आमच्या मते सौदा योग्य आहे. खताच्या कारखान्याला दरमहा नेमाने गॅस लागतो. एक टन युरियाला २२ ते २४ एमएमबीटीयू गॅस खपतो, म्हणजे गॅस १ डॉलरने चढला की टनामागे २२-२४ डॉलर वाढतात. गोणीचा दर सरकारने बांधलेला असल्याने हा भार अनुदानावर पडतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यालाही हेच गणित लागू आहे. मात्र कतारचा सगळा माल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. २०२४ साली जगातल्या एलएनजीचा सुमारे पाचवा भाग त्याच चिंचोळ्या वाटेने गेला. म्हणून सबीन पासचा करारही हवाच.

(दृश्य: दाभोळची जेट्टी. उतराईचे पोलादी हात)

करार कितीही चांगला असो, शेवटी जहाज धक्क्याला लागावं लागतं. दाभोळला कित्येक वर्षं लाटरोधक बांध अपुरा होता. पावसाळ्याच्या लाटांत जहाज दोरांवर पुढेमागे सरकतं. उतराईचे हात, म्हणजे जहाज आणि धक्का जोडणारे हलते पाइप, ठरावीक अंतरापर्यंतच ताणले जातात, त्यापलीकडे आपत्कालीन जोड सुटतो आणि काम थांबतं. त्यामुळे मेअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जहाजं घेता येत नसत. वर्षाचं वेळापत्रक आठ महिन्यांत कोंबावं लागे, आणि ५० लाख टनांचं टर्मिनल बरंच रिकामं राही.

उतराई सुरू करतानाही घाई चालत नाही. आधी हातांमधून आणि पाइपांतून थोडा थोडा थंड माल फिरवतात. पोलादी पाइप या थंडीत मीटरमागे जवळपास ३ मिलिमीटर आखडतो, १०० मीटरला ३० सेंटीमीटर. एकदम द्रव सोडला तर पाइपचा तळ आधी गार होतो, वरची बाजू गरमच राहते, पाइप वाकतो आणि जोड गळतात. सगळी लाइन नीट थंड झाली की मगच पंप पूर्ण वेगाने लागतात. टाकीतून तो द्रव पुन्हा तापवून वायू करतात, आणि एक फाटा पनवेलच्या दिशेने, दुसरा बंगळुरूकडे निघतो.